बारगिरांच्या वाटेने

फाल्गुन लागला म्हणजे बंगालची भूमी काही दिवस अशा रूपाने नटते की, घरात बसून राहणे हा तिचा अपमान ठरावा. माघातील धुके विरलेले असते आणि वैशाखातील वादळे अजून दूर असतात. आंब्याला मोहोर असतो, शेवरी निष्पर्ण होऊन लाल फुलांनी भरलेली असते, आणि पश्चिमेकडील तांबड्या मातीच्या प्रदेशात पळस पेटलेला असतो. याच सुमारास दोलपौर्णिमा येते, तीन-चार दिवसांची सवड मिळते आणि कोलकात्यातील माणूस शहराबाहेर पडतो. पाश्चात्त्य देशांतील लोक या ऋतूत मोटारीमागे चाकांवरचे छोटे घर जोडून निघतात. त्या चालत्या घराला ते कॅरव्हॅन म्हणतात. आपल्याकडे ती चाल फारशी रुजली नाही. परंतु दोन-तीन कुटुंबांनी मिळून गाड्या कराव्या, शिधा, भांडी व अंथरुणे बरोबर घ्यावी, वाटेत झाडाखाली चूल मांडावी आणि मुक्काम करीत करीत पुढे जावे, ही पद्धत आपणांस परकी नाही. तिला तांडा म्हणा, काफिला म्हणा, की नुसती यात्रा म्हणा.

अशा वसंतयात्रेस निघालेल्या मराठी माणसाने एक गोष्ट ध्यानात ठेवावी, एवढे सांगण्यासाठी आजचे हे भाषण आहे. कोलकात्याच्या उत्तरेस आणि पश्चिमेस ज्या वाटांनी आपण सहलीला जातो, त्याच वाटांनी सुमारे पावणेतीनशे वर्षांपूर्वी आपले पूर्वज आले होते. तेही याच ऋतूत आले होते. परंतु ते सहलीला आले नव्हते, आणि त्या प्रदेशाने त्यांना अद्याप विसरलेले नाही.

बंगालमधील लहान मूल मराठ्यांचे नाव प्रथम कोठे ऐकते, याचा शोध घेतला तर तो पाठ्यपुस्तकात लागत नाही. तो पाळण्यापाशी लागतो. बाळ निजले, वस्ती शांत झाली, आणि देशात बर्गी आले, अशा आशयाचे एक अंगाईगीत तेथील घराघरांत म्हटले जाते. धान्य पाखरांनी खाल्ले, आता सारा कशाने भरावा, अशी विवंचना त्यात पुढे येते. गाणाऱ्या मातेस बर्गी म्हणजे कोण हे ठाऊक असेलच असे नाही. पण ते नाव उच्चारताच मुलाने डोळे मिटावे, एवढी त्याची दहशत शब्दांत साठून राहिली आहे. हा बर्गी म्हणजे आपला बारगीर. मराठी सैन्यात दोन प्रकारचे स्वार असत. ज्याचा घोडा आणि हत्यारे स्वतःच्या मालकीची तो शिलेदार, आणि ज्याला ती सरकारातून अथवा सरदाराकडून मिळत तो बारगीर. म्हणजे बारगीर हा सैन्यातील गरीब माणूस. दख्खनच्या कोरडवाहू गावातून आलेला, स्वतःचे घोडेसुद्धा नसलेला हा स्वार बंगाली भाषेत शिरला तो एका संपूर्ण आपत्तीचे नाव होऊन. आपल्या इतिहासग्रंथांत या प्रकरणास ‘बंगालवरील स्वाऱ्या’ असा मथळा असतो. बंगाली इतिहासात त्याच प्रकरणाचे नाव ‘बर्गीर हांगामा’ असे आहे. एकच घटना, पण घोड्यावरून पाहिली तर स्वारी, आणि शेताच्या बांधावरून पाहिली तर दंगा.

या स्वाऱ्यांचे कारण थोडक्यात सांगावयाचे तर असे. १७४० साली अलीवर्दीखानाने गिरियाच्या लढाईत नबाब सर्फराजखानास ठार करून बंगाल, बिहार आणि ओरिसा या तिन्ही सुभ्यांची सत्ता बळकावली. पुढील वर्षी त्याने ओरिसातील नायब रुस्तमजंग याचाही पराभव केला. सत्तेला अद्याप दृढता आली नव्हती, असंतुष्ट सरदार पुष्कळ होते, आणि सुभा तर हिंदुस्थानातील अत्यंत संपन्न असा. नागपूरकर रघुजी भोसल्यांची दृष्टी पूर्वेकडे वळावयास एवढे पुरेसे होते. चौथाईचा हक्क पुढे करून त्यांनी आपले दिवाण भास्करराम कोल्हटकर यांस स्वारीवर धाडले. बंगालमध्ये ते भास्कर पंडित या नावाने ओळखले जातात. पाचेतच्या डोंगराळ मुलखातून उतरून १७४२ च्या एप्रिलमध्ये ते बर्दवानच्या, म्हणजे आजच्या वर्धमानच्या मैदानात आले.

वसंत ऋतू आणि स्वारी यांचा हा संबंध योगायोगाचा नाही. दसऱ्याला सीमोल्लंघन करून निघालेले मराठी लष्कर शेकडो कोस तोडून पूर्वेकडे पोहोचावयास वसंत यावयाचा. त्या वेळी राढभूमीतील, म्हणजे भागीरथीच्या पश्चिमेकडील प्रदेशातील नद्या आटलेल्या असतात. दामोदर, अजय, द्वारकेश्वर या पावसाळ्यात गावे बुडविणाऱ्या नद्या चैत्रात वाळूचे रुंद पट्टे होऊन पडतात, आणि त्या वाळूतून घोटाभर पाण्याचा एखादा ओघ वाहत असतो. आज आपली मुले ज्या अजयच्या वाळूत अनवाणी पलीकडे जातात, तिच्यातून घोडदळास पार होणे किती सोपे असेल, हे निराळे सांगावयास नको. निसर्गाने सहलीसाठी जे सुख निर्माण केले, तेच युद्धासाठीही सोयीचे ठरावे, हा इतिहासाचा जुना न्याय आहे.

कोलकात्याहून निघालेल्या यात्रेकरूचा पहिला मुक्काम श्रीरामपूरला होऊ शकतो. हुगळीच्या काठचे हे टुमदार गाव १८४५ पर्यंत डेन्मार्कच्या ताब्यात होते. बर्गींच्या कथेशी त्याचा प्रत्यक्ष संबंध नाही. परंतु मराठी भाषेच्या इतिहासात त्याचे स्थान मोठे आहे. विल्यम केरी या मिशनऱ्याने येथील छापखान्यात १८०५ साली मराठीचे व्याकरण छापले आणि १८१० साली मोडी टाइपात मराठी-इंग्रजी कोश काढला. फोर्ट विल्यम कॉलेजात त्याच्या हाताखाली असलेल्या वैजनाथ पंडितांच्या साह्याने ‘सिंहासन बत्तिशी’, ‘हितोपदेश’ यांसारखी पुस्तके १८१४ पासूनच्या काही वर्षांत निघाली. त्यांतच एक पुस्तक रघुजी भोसल्यांच्या वंशावळीचे होते, आणि दुसरे होते प्रतापादित्य या बंगाली राजाचे चरित्र. ज्या घराण्याच्या स्वारांनी हुगळीचा काठ हादरविला, त्याच घराण्याची वंशावळ पाऊणशे वर्षांच्या आत हुगळीच्याच काठी मराठीत छापली गेली, आणि बंगाली राजाची कथाही मराठीत आली. इतिहास केवळ जखमा करीत नाही, तो अशी न मागितलेली देवाणघेवाणही करून जातो.

श्रीरामपूरहून उत्तरेकडे गेले की चंद्रनगर, हुगळी, बंडेल अशी गावे लागतात. फ्रेंच, मोगल आणि पोर्तुगीज यांच्या खुणा येथे काही कोसांच्या अंतरात नांदत आहेत. हुगळीचा किल्ला १७४२ साली मराठ्यांनी घेतला. ही कामगिरी मीर हबीबची. हा मूळचा इराणातील शिराझचा मनुष्य. रुस्तमजंगाच्या पदरी वर चढला, नंतर नबाबाकडे आला आणि अखेर भास्कर पंडितांस मिळाला. मुलखाची माहिती त्याची, घोडे मराठ्यांचे, अशी ती जोडी होती. हुगळीवर मराठ्यांचा अंमलदार म्हणून शेषराव नेमला गेला. तो न्यायाने वागणारा होता, अशी त्याची कीर्ती राहिली आहे. ज्या काळात सर्व नावे काळ्या शाईने लिहिली गेली, त्या काळातील हे एक नाव लोकांनी निराळे ठेवावे, ही लहान गोष्ट नव्हे. लोकस्मृती आंधळी असते असे आपण समजतो. पण तिलाही माणूस ओळखता येतो.

पुढे वर्धमान. या वाटेवर फाल्गुनात शेतांतून बटाट्याची काढणी चाललेली दिसते. मधूनमधून बोरो भाताची कोवळी हिरवी वाफ्ये डोळे निववितात. १७४२ च्या एप्रिलच्या मध्यास ओरिसाहून परतणारा अलीवर्दी याच ठिकाणी मराठ्यांच्या वेढ्यात सापडला. येथे दोन प्रकारच्या लष्करांतील भेद लक्षात घेण्यासारखा आहे. मोगलाई लष्कर म्हणजे एक चालते शहर असे. तंबू, जनाने, दुकाने, तोफा, बैलांचे तांडे, या सर्वांचे ओझे घेऊन ते हळूहळू सरकत असे. मराठी स्वार खोगिरावर निजणारा आणि मिळेल ते खाणारा. भास्कर पंडितांनी समोरासमोर युद्ध केलेच नाही. त्यांनी नबाबाची रसद तोडली, आणि नबाब वेढा फोडून कटव्याकडे निघाला तेव्हा त्याचे सामानसुमान व डेरे लुटून नेले. वेढ्यात भास्कर पंडितांनी प्रथम १० लाख रुपये मागितले होते. नबाबाची अवस्था पाहून ती मागणी १ कोटी रुपये आणि सर्व हत्ती अशी चढली. नबाबाने ती मानली नाही. उपाशी सैन्य घेऊन, लढत लढत, तो कटव्यास पोहोचला. सेनापती म्हणून भास्कर पंडितांचे कौशल्य येथे दिसते, आणि त्याच कौशल्यात पुढील अनर्थाचे बीजही दिसते. कारण जे सैन्य ओझे बाळगीत नाही ते धान्यही बाळगीत नाही. त्याचे कोठार म्हणजे वाटेवरचे गाव.

त्या गावांचे काय झाले, हे गंगाराम नावाच्या एका बंगाली कवीने लिहून ठेवले आहे. त्याच्या काव्याचे नाव ‘महाराष्ट्र पुराण’. त्याच्या हस्तलिखितावरील काळ १७५१ सालचा आहे, म्हणजे ते अगदी समकालीन होय. मैमनसिंगकडे सापडलेली ही पोथी विसाव्या शतकाच्या आरंभी प्रसिद्ध झाली. कवी कल्पनेच्या भराऱ्या मारीत नाही. पळून जाणाऱ्या लोकांची तो जणू शिरगणती करतो. पोथ्यांचे भारे घेतलेले पंडित, तराजू घेतलेले सोनार, चाक घेतलेला कुंभार, जाळे घेतलेला कोळी, अशी एकेका जातीची माणसे आपल्या धंद्याचे साधन उराशी धरून निघाली आहेत. आपत्तीत माणूस दागिन्यांपेक्षा हत्यार अधिक जपतो, हे त्या कवीने पाहिले होते. त्यानंतर जाळलेल्या गावांची नावे येतात, आणि स्त्रियांवरील अत्याचारांचे वर्णन येते. ते ऐकताना मराठी माणसाची मान खाली जाते, आणि ती जावयासच हवी.

परंतु गंगारामाची दृष्टी एवढ्याने संपत नाही. त्याच्या काव्याच्या आरंभी पृथ्वीवर पाप वाढले आहे. म्हणून शिव नंदीला शाहू राजाच्या ठिकाणी संचार करावयास सांगतो, आणि मराठे येतात ते ईश्वरी शासन म्हणून येतात. पुढे त्यांनी ब्राह्मण, वैष्णव आणि स्त्रिया यांची हत्या आरंभिली, तेव्हा पार्वती क्षुब्ध होते आणि त्यांची बाजू सोडून नबाबाकडे वळते. नबाब कोणत्या धर्माचा आणि भास्कर पंडित कोणत्या धर्माचे, याचा हिशेब देवी करीत नाही. ती अत्याचार कोण करतो एवढेच पाहते. अठराव्या शतकातील एका ग्रामीण कवीने केलेला हा निवाडा आजही कोणत्याही न्यायासनास शोभेल.

वर्धमानहून ईशान्येस कटवा आहे. अजय आणि भागीरथी यांच्या संगमावरील हे गाव वैष्णवांचे तीर्थ होय. चैतन्य महाप्रभूंनी १५१० साली येथे केशव भारतींकडून संन्यास घेतला. कटव्याच्या दक्षिणेस काही मैलांवर दाँइहाट आहे. नदीकाठाने पायी जाण्यास हा प्रदेश फार सुखाचा आहे. एका बाजूस भागीरथीचे संथ पात्र, दुसऱ्या बाजूस आमराया व केळीच्या बागा, आणि मधून जाणारी मळकी पायवाट. १७४२ चा पावसाळा भास्कर पंडितांनी याच परिसरात काढला. खरे म्हणजे पाऊस लागताच त्यांनी परत फिरावयाचे ठरविले होते. परंतु मे महिन्यात मीर हबीबने मुर्शिदाबादवर धाड घालून जगत्शेठांची पेढी लुटून आणली, आणि राहण्याचा आग्रह धरला. भागीरथीच्या पश्चिमेचा बहुतेक मुलूख काही काळ मराठ्यांच्या हाती आला.

शरद ऋतू येताच भास्कर पंडितांनी दाँइहाटला दुर्गापूजा मांडली. आसपासच्या जमीनदारांकडून सामग्री आली. बंगालच्या देवीची पूजा बंगालच्याच रीतीने करणारा हा मराठी ब्राह्मण त्या क्षणी काय मनात आणीत होता, हे आपणांस कळावयाचे नाही. पूजा पुरी झाली नाही. २७ सप्टेंबर १७४२ च्या पहाटे, ऐन नवरात्रात, अलीवर्दीने होड्यांच्या पुलावरून अजय ओलांडून छापा घातला, आणि मराठी तळ उधळला गेला. अर्धवट राहिलेल्या त्या पूजेची आठवण दाँइहाट अजून सांगते. आपल्या घरी घट बसविणाऱ्या मराठी स्त्रीने त्या गावी उभे राहून ही कथा ऐकली, तर विजय-पराजयाच्या पलीकडचे काही तिच्या मनास स्पर्श करून जाईल.

कटव्याहून होडीने पैलतीरी गेले की पलाशीची वाट लागते. पळसावरून ज्या गावाला नाव मिळाले, तेथे वसंतातच जावे. २३ जून १७५७ ची लढाई कोणास ठाऊक नाही? तेथील स्मारकस्तंभापाशी उभे राहून लोक क्लाइव्ह आणि सिराजउद्दौला यांच्याविषयी बोलतात. परंतु त्याच पलाशीत १४ वर्षांपूर्वी दुसरी एक भेट झाली होती, तिची आठवण मराठी मंडळींनाही क्वचितच असते. ३० मार्च १७४३ रोजी पेशवे बाळाजी बाजीराव, म्हणजे आपले नानासाहेब, येथे अलीवर्दीखानास भेटले. रघुजी भोसले स्वतः फौज घेऊन बंगालमध्ये उतरले होते, आणि बादशहाच्या सांगण्यावरून पेशवे त्यांना हुसकावण्यासाठी बिहारमार्गे आले होते. शाहू महाराजांस चौथाई आणि पेशव्यांस फौजेच्या खर्चासाठी २२ लाख रुपये, असा करार ठरला. मग पेशव्यांनी भोसल्यांचा पाठलाग करून त्यांना मुलखाबाहेर काढले. त्याच वर्षी साताऱ्यास शाहूंनी दोघांत समेट घडविला, आणि बंगाल व ओरिसा भोसल्यांच्या वाट्यास दिले. म्हणजे बंगालच्या रयतेने त्या वसंतात दोन मराठी फौजा पाहिल्या. एक लुटावयास आलेली, दुसरी तिला हाकलावयास आलेली. आणि दोहोंचा खर्च तिनेच भरला.

पलाशीहून उत्तरेस बहरामपूरच्या परिसरात मानकराचे स्थान आहे. ३१ मार्च १७४४ रोजी, पलाशीच्या भेटीस जेमतेम एक वर्ष होत असताना, अलीवर्दीने तहाच्या बोलण्यासाठी भास्कर पंडितांस येथे डेऱ्यात बोलाविले. पवित्र शपथांची ग्वाही होती. भास्कर पंडित वीसेक सरदारांसह आले, आणि डेऱ्यातच सर्वांची कत्तल झाली. छावणीत मागे राहिलेला रघुजी गायकवाड तेवढा उरलेली फौज घेऊन निसटला. आपल्याकडे या प्रसंगाचे वर्णन विश्वासघात म्हणून होते, आणि तो विश्वासघात होताच. परंतु त्यावर बंगालच्या खेड्यापाड्यांत अश्रू ढाळले गेले नाहीत, हेही तितकेच खरे. विश्वासघाताने रक्तपात थांबलाही नाही. सूड घ्यावयास रघुजी पुन्हा आले, आणि १७५१ पर्यंत हे चक्र फिरत राहिले. अखेर वृद्ध नबाबाने तह केला. वर्षाला १२ लाख रुपये चौथाई ठरली, ओरिसाचा वसूल मराठ्यांकडे गेला, आणि सुवर्णरेखा ही सीमा ठरली. १८०३ पर्यंत ओरिसावर मराठ्यांचा अंमल राहिला. कोणार्कचा अरुणस्तंभ पुरीच्या जगन्नाथासमोर उभा राहिला तो याच अमदानीत. मुर्शिदाबादसमोर, भागीरथीच्या पश्चिम तीरावर, खुशबाग नावाच्या शांत बागेत अलीवर्दीची कबर आहे; जवळच त्याचा नातू सिराजउद्दौला पुरलेला आहे. दहा वर्षे ज्याने घोड्याची पाठ सोडली नाही, तो १७५६ च्या एप्रिलमध्ये मरण पावला. त्याच्या मृत्यूनंतर १४ महिन्यांत पलाशी झाली. मराठ्यांशी लढून नबाबाचा खजिना आणि सैन्य थकले नसते, तर इतिहासाने कोणते वळण घेतले असते, हा प्रश्न त्या कबरीपाशी मनात आल्याखेरीज राहत नाही.

परतीची वाट विष्णुपूरवरून काढावी. तांबडी माती, नव्या पालवीचे सालवृक्ष आणि भाजलेल्या विटांवर कोरलेली मंदिरे, असा हा मल्ल राजांचा प्रदेश. १६४३ चे श्यामराय, १६५५ चे जोडबांगला, १६९४ चे मदनमोहन, या देवळांच्या भिंतींवर रामायण-महाभारतातील प्रसंगांबरोबरच शिकारी, नावाडी आणि स्वार यांची चित्रे आहेत. एका दिवसात पायी फिरून ती सर्व पाहता येतात. तेथेच उघड्यावर दलमादल ही सुमारे साडेबारा फूट लांबीची लोखंडी तोफ पडली आहे. भास्कर पंडितांचे सैन्य विष्णुपूरवर चालून आले तेव्हा राजा गोपालसिंहाने लढण्याऐवजी प्रजेस हरिनाम घ्यावयास सांगितले. रात्री प्रत्यक्ष मदनमोहनाने तोफ डागली आणि बर्गी पळाले, अशी आख्यायिका आहे. इतिहासकार तिच्यावर विश्वास ठेवणार नाही. परंतु ज्या रयतेला कोणताही राजा वाचवीत नव्हता, तिने देवाच्या हाती तोफ दिली, यातील सत्य त्यानेही ओळखले पाहिजे.

या मदनमोहनाची पुढील कथा चमत्कारिक आहे. विष्णुपूरचे राज्य खालावले आणि राजा चैतन्यसिंहावर कर्जाचा डोंगर झाला. त्याने मदनमोहनाची मूर्ती कोलकात्यातील मिठाचे व्यापारी गोकुळचंद्र मित्र यांच्याकडे गहाण ठेवली. मित्रांनी बागबाजारात देवास मोठे मंदिर बांधले, आणि देव तेथेच राहिला. आता योगायोग असा की, याच बागबाजारात एक गल्ली आहे, तिचे नाव मराठा डिच लेन. बर्गींच्या भयाने कोलकात्याच्या रहिवाशांनी नबाबाची परवानगी घेऊन शहराभोवती जो खंदक खणावयास घेतला, त्याचा आरंभ येथून होत होता. लांबी ७ मैल ठरली होती. सहा महिन्यांत ३ मैल खणून झाले, आणि मराठे काही येत नाहीत असे पाहून काम थांबले. उमीचंद आणि गोविंदराम मित्र या धनिकांच्या बागा आत याव्या म्हणून त्यास वळणही दिले गेले. पुढे १७५६ साली सिराजउद्दौला शहरावर चालून आला, तेव्हा हा अर्धामुर्धा खंदक त्यास अडवू शकला नाही. १७९९ पासून तो बुजवीत त्यावरून सर्क्युलर रोड काढण्यात आला. आज त्या रस्त्याच्या दोन भागांस आचार्य प्रफुल्लचंद्र आणि आचार्य जगदीशचंद्र यांची नावे आहेत.

म्हणजे मराठे कोलकात्यावर कधीच आले नाहीत. परंतु त्यांच्या भयाने शहराची कड आखली गेली. त्याहून महत्त्वाचे असे की, भागीरथीच्या पश्चिमेकडून उठलेले विणकर, व्यापारी आणि कारागीर नदी ओलांडून पूर्वेस आले, आणि त्यांतील पुष्कळजण इंग्रजांच्या आश्रयास राहिले. लुटीचा पैसा नागपूरला किती गेला आणि त्यातून काय उभे राहिले, याचा विचार केला म्हणजे मन खिन्न होते. मात्र कंपनीच्या वखारीचे शहर होण्यास आपल्या स्वाऱ्यांनी हातभार लावला, यात संशय नाही.

श्रोतेहो, ही कथा येथेच संपली असती तर ती सांगण्यात फारसा अर्थ नव्हता. परंतु दीडशे वर्षांनी याच कोलकात्यात एक विलक्षण गोष्ट घडली. देवघरजवळ १८६९ साली जन्मलेले सखाराम गणेश देऊस्कर हे मराठी कुळातील गृहस्थ बंगाली भाषेचे नामांकित लेखक झाले. त्यांनी १९०२ साली कोलकात्यात शिवाजी उत्सव सुरू केला. १९०४ साली त्यांच्या शिवाजीविषयक पुस्तिकेसाठी रवींद्रनाथांनी ‘शिवाजी उत्सव’ ही कविता लिहिली. त्याच वर्षी देऊस्करांचे ‘देशेर कथा’ प्रसिद्ध झाले. परकीय सत्तेने देशाचे दारिद्र्य कसे वाढविले, याचा तो आरोपपत्रासारखा ग्रंथ बंगालच्या तरुणांनी हातोहात नेला, आणि १९१० साली सरकारने त्यावर बंदी घातली. १९०६ साली लोकमान्य टिळक शिवाजी उत्सवासाठी कोलकात्यास आले. ज्या भाषेत मराठा म्हणजे मुलास निजविण्याचे भय होते, त्याच भाषेत एका मराठी माणसाने देश जागा करण्याचे काम केले, आणि बंगालने ते मनःपूर्वक स्वीकारले.

या स्वीकारामागे विस्मरण नव्हते. अंगाईगीत तेव्हाही गायले जात होते आणि आजही गायले जाते. बंगालने शिवाजी महाराजांस आपलेसे केले आणि बर्गींनाही माफ केले नाही. दोहोंतील भेद त्याला कळत होता. सर जदुनाथ सरकार यांनी शिवाजी महाराजांचे चरित्र लिहिले आणि बंगालमधील बर्गींच्या अत्याचारांचा वृत्तान्तही लिहिला. आपले रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांच्याशी त्यांचा स्नेह अर्धशतक टिकला. मतभेद होत, पत्रे जात, आणि दोघे मिळून ऐतिहासिक स्थळांच्या यात्राही करीत. भूमी पायाखाली घातल्याशिवाय इतिहास लिहू नये, ही त्यांची निष्ठा होती. एक बंगाली आणि एक मराठी विद्वान एकाच रणभूमीवर उभे राहून कागदपत्रे ताडून पाहत आहेत, हे चित्र मला मानकराच्या डेऱ्यावरचा उतारा वाटते.

तेव्हा पुढच्या फाल्गुनात, राढभूमीच्या वाटेवर मुक्काम पडेल तेव्हा, मुलांना पळसाची फुले वेचू द्यावी, अजयच्या वाळूत खेळू द्यावे, विष्णुपूरच्या देवळांवरील स्वार मोजू द्यावे. आणि रात्री त्यांना ही गोष्ट सांगावी. अटकेपार गेलेल्या घोड्यांची गोष्ट आपण सांगतोच; दामोदरापार गेलेल्या घोड्यांचीही सांगावी, आणि ती गाळसाळ न करता सांगावी. ज्या गावांनी आपल्या पूर्वजांना भिऊन घरे सोडली, त्याच गावांत आज मराठी यात्रेकरूस दारात बसवून पाणी आणि गूळ-बत्तासा मिळतो. त्या पाण्याचा खरा गोडवा ज्याला इतिहास ठाऊक आहे त्यालाच कळेल.